बाजूनं येणारी विमानं

आमच्या आत्याच्या घरी विमानाची गेम आली, त्याच दिवाळीत माझ्या ताईची सुपारी फुटायची होती. नवरा मुलगा आत्याचाच. आमच्यात मामाच्या पोरीवर भाच्याचा पहिला हक्क, त्यामुळं ठरवायचं असं काही नव्हतंच. ताई पाळण्यात होती तेव्हाच आत्यानं तिच्या हातात चांदीचं कडं घालून ठेवलेलं, मेंढरावर खूण करतात तसं. आत्या बोलायला फार गोड. केसानं गळा कापणारी बाई कशी असते ते मला पुस्तकात वाचावं लागलं नाही. आत्याचे यजमान लवकर वारले होते आणि त्या घरात तिच्या शब्दापुढं कुणाचा शब्द नव्हता.

आम्ही वडगाव रासाईचे, भीमेच्या काठचे. आत्या दिलेली भांडगावला, हायवेवर. नदी ओलांडायची, चौफुल्याला गाडी बदलायची, की आलं. सुट्टी लागली की आई आम्हा दोघींना तिकडं पाठवायची. त्या वर्षी खरं तर ताईला पाठवायला नको होतं. सुपारी फुटायच्या आधी पोरगी होणाऱ्या सासरी राहिली तर लोक नावं ठेवतात. पण आत्यानं निरोप धाडला की माझ्या घरी माझी भाची येती, लोकांच्या पोटात का दुखावं. खरी गोष्ट अशी की तिची कांद्याची लागण चालली होती आणि तिला बिनमजुरीची बाई पाहिजे होती. ताई दिवसभर वाफ्यात वाकून रोपं टोचायची. मी बारा-तेरा वर्षांची, माझ्याकडं लसूण सोलायचं काम.

गेम दाजींनी आणली होती, पुण्याहून. लग्नाआधीपासूनच आम्ही त्यांना दाजी म्हणायचो, आत्यानंच ती सवय लावलेली. करड्या रंगाचा डबा, दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट. कॅसेटवर हजारो गेम आहेत असं छापलेलं. आत होत्या सात-आठ, त्याच नाव बदलून पुन्हा पुन्हा. लागली नाही की बाहेर काढायची, फुंकर मारायची आणि परत खुपसायची. दाजींना त्यातली एकच आवडायची, विमानाची. आपलं विमान मागून दिसायचं. खाली समुद्र, वर आभाळ, आणि शत्रूची विमानं दोन्ही कडांनी आत घुसायची. ती मध्ये यायच्या आत त्यांना उडवायचं, नाहीतर ती आपल्याला उडवणार. तीन लाईफ संपल्या की खेळ खलास. मिशी फुटलेला बाप्या आणि तासन्‌तास टुक टुक करत बसायचा. आत्याला त्याचंही कौतुक.

एक गोष्ट मला पहिल्या दिवसापासून खटकली होती. गल्लीतली सगळी पोरं टीव्हीला नाक लावून खेळायची. दाजींनी मात्र आपल्या रिमोटची वायर जोडून लांब केलेली, आणि ते पार उंबऱ्याला पाठ टेकून बसायचे. टीव्ही एवढासा, चौदा इंची. तिथून तो पाटाएवढाही दिसत नसेल. तरी नेम असा की बघत राहावं. इकडून विमान आलं की ठो, तिकडून आलं की ठो. पोरं त्यांना पायलट म्हणायची, आणि ते लाजून हसायचे. माणूस वाईट होता असं मी तेव्हा म्हटलं नसतं. ताईला पाण्याचा हंडा उचलून द्यायचे, तिच्यापुरती भेळ बांधून आणायचे. ताई त्यांच्याकडं बघायची ते मला कळत होतं. म्हणून तर पुढचं सगळं इतकं वाईट झालं.

एक दिवस उंदरानं ती वायर कुरतडली. जोड द्यायला वायर उरली नाही, तेव्हा दाजींनी कुरतडलेला भाग तोडून टाकला आणि दोन टोकं पीळ मारून चिकटवली. आता त्यांना टीव्हीसमोर हातभर अंतरावर बसावं लागलं. आणि पायलटसाहेब मरायला लागले! समोरून येणारं विमान बरोब्बर उडवायचे, पण बाजूनं आलेलं त्यांना दिसायचंच नाही. ते मध्ये येऊन गोळी घालेपर्यंत गप्प. दुसरीतली पोरं त्यांना हरवायला लागली. दाजी म्हणायचे, रिमोट बिघडलाय. पोरं दुसरा रिमोट द्यायची. त्यावरही तेच.

संध्याकाळी ताई वाफ्यातून आली की हातपाय धुऊन त्यांच्या मागं जरा टेकायची. ती हळूच सांगायची, डावीकडं. उजवीकडं. मग दाजी मान वळवायचे आणि विमान पडायचं. पोरं चिडवायची, हे तर आत्तापासूनच बायकोच्या ताब्यात. सगळे हसायचे. मी हसले नाही. माझं लक्ष त्यांच्या मानेकडं होतं. एवढ्या टीव्हीला कोण मान वळवतं? बुबुळ हलवलं की झालं.

मग मी काय केलं, हातात चकली घेतली आणि दाजींच्या शेजारी बसून ती त्यांच्या कानाजवळ धरली. काही नाही. थोडी पुढं आणली, गालाजवळ. काही नाही. नाकासमोर आणली तेव्हा ते दचकले आणि चकली घेऊन खाल्ली. दुसऱ्या बाजूनंही मी तेच करून पाहिलं. तेव्हा मला त्यांचं उंबऱ्याला बसणं कळलं. लांब बसलं की सगळा टीव्ही त्यांच्या डोळ्यात मावायचा. जवळ बसलं की मधलाच काय तो घास दिसायचा, बाकी अंधार. मग दुसरंही आठवायला लागलं. दिवेलागणीनंतर दाजी अंगणात पाऊल टाकत नसत. टाकलंच तर बादली लाथाडायचे, बाजंवर आपटायचे. आत्या म्हणायची, लई धांदरट हाय माझं पोरगं.

घरी आल्या आल्या मी हे सगळं आईला सांगितलं. आईचं तोंड उतरलं. तिनं आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या कानावर घातलं. आप्पांनी आधी मला झापलं आणि मग आबांना सांगितलं. आबा आमचे आजोबा, आत्याचे आणि आप्पांचे वडील. त्यांचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलं होतं. आता नदीकाठी जमीन होती, ऊस होता, पण गोठ्यामागं थोडी मेंढरं त्यांनी हौसेनं राखली होती आणि माणूस पारखायचा तो मेंढरांवरूनच, असा त्यांचा हट्ट. ते म्हणाले, सुपारीला येतंय की पोरगं, म्या बघतो त्याचं डोळं.

सुपारीच्या दिवशी पाहुणे चहा पीत बसले होते. आबांनी दाजींना ओट्यावरून उठवलं आणि बाहेर नेलं. मीही मागं गेले. ऊन लख्ख पडलेलं. ओढ्यापलीकडं माळावर आमची मेंढरं चरत होती, इथून चिरमुऱ्याएवढी दिसत होती. आबा म्हणाले, त्यातली कंची लंगडती, सांगा. दाजी उभे राहिले. हळूहळू मान फिरवत राहिले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग म्हणाले, काळ्या तोंडाची, मागल्या उजव्या पायानं. बरोबर होतं. आबांनी त्यांच्या पाठीवर अशी थाप मारली की बस्स, जगच जिंकलं.

आमच्या लोकांची हीच गंमत. नजर मोजायची ती लांबची. लांडगा लांबून येतो, मेंढरू चुकतं ते लांब जातं, म्हणून ज्याला लांबचं दिसतं त्याचे डोळे चांगले. बाजूचं विचारायची रीतच नाही, कारण बाजूला राखणीचं कुत्रं असतं. पिढ्यान्‌पिढ्या असंच. मी तिथंच ओरडून सांगितलं, आबा, बाजूनं हात धरून बघा, त्यांना बाजूचं दिसत नाही, विमानाच्या गेममध्ये मी बघितलंय. आबा हसले. ओट्यावरचे पाहुणे हसले. आत्या हसली नाही. ती माझ्याकडं बघत एवढंच म्हणाली की या पोरीला आपल्या बहिणीचं चांगलं झालेलं बघवत न्हाई. आप्पा खाली उतरले आणि सगळ्यांसमोर माझ्या थोबाडीत दिली. आई दारात उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला. मग आत जाऊन त्यांनी सुपारी फोडली, आणि आमच्यात फुटलेली सुपारी म्हणजे झालंच लग्न.

मागच्या दारी मी रडत बसले होते. ताई आली, तिनं माझा गाल चोळला. मी म्हटलं, तू तरी नाही म्हण. तुला दिसलं नाही का?

"दिसलं की," ती म्हणाली. "म्या सांगंन त्यास्नी, कुठनं काय येतंय ते. तेवढ्यासाठी माणूस टाकत्यात व्हय?"

मला तिचा असा राग आला होता! आजही येतो. हे वाक्य एखाद्या चांगल्या माणसाला म्हणावं. तिनं ते कुणासाठी म्हटलं, ते पुढं कळलंच.

लग्न झालं. पहिली वर्षं बरी गेली म्हणायची. ताई त्यांच्या डाव्या अंगानं चालायची, बाजारात, लग्नात, देवळात. लोकांना वाटायचं प्रेम आहे, होतंच म्हणा. एक मुलगी झाली. मग दाजी मोटरसायकल घेऊन हायवेच्या कडेला बैलगाडीत घुसले. वाचले, पण त्यानंतर कुणालाच काही लपवता येईना. दिवसासुद्धा चाचपडायला लागले. मधलं भोक बारीक बारीक होत गेलं, आणि मुलगी शाळेत जायला लागली त्या सुमारास तेही मिटलं. आता अंधारच.

पुण्याला दवाखान्यात ताईनंच नेलं. डॉक्टर म्हणाले, हा लहानपणापासूनचा आजार आहे, आतला पडदा वाळत जातो, औषध नाही. जवळच्या नात्यात लग्नं होतात त्या घरांत जास्त दिसतो, रक्तातून येतो. ताईनं घरी येऊन आत्याला तसंच सांगितलं. आत्यानं पिसाळून तिला ओट्यावरून ढकललं. माझ्या रक्तात खोट काढतीस? माझं रक्त ते तुझ्या बापाचं रक्त! आणि इथंच आत्यानं आप्पांना बांधून टाकलं. कारण तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. या घराण्यात आंधळेपणा आहे असं एकदा बोललं गेलं की मला कोण करणार? आत्याला हे आप्पांच्या आधी कळलं. बारा गावचं पाणी प्यालेली ती.

रक्तात खोट नाही, मग पोराचे डोळे गेले कशानं? सुनेच्या पायानं. उत्तर तयारच होतं. लग्न करून आली आणि डोळे गेले, पांढऱ्या पायाची कुठली. त्यानंतर ताईनं व्यालेल्या मेंढीजवळ जायचं नाही. कुणी बाहेर निघालं की तिनं समोर यायचं नाही. शेजारी बारसं असलं तर हिला घरात कोंडून आत्या जायची. ताई मला हे सांगायची नाही, तिची मुलगी सांगायची, पोरीला त्यात वेगळं काही वाटतही नव्हतं. दाजींना अंघोळ घालायची, जेवण भरवायचं, परसात न्यायचं हे मात्र पांढऱ्या पायाचीनंच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

पुढं आत्यानं देवरुषी आणला. त्यानं अंगारा फुंकला आणि सांगितलं की बाई घरात आहे तोवर नजर परत येणार न्हाई. बाई गेली की येईल. झालं. दाजींनी ते ऐकलं, आणि त्या दिवसापासून ते ताईच्या हातचं पाणी प्यायला का कू करायला लागले. आत्यानं भावकी बोलावली आणि आम्हाला निरोप पाठवला की पोरीला घेऊन जायची तयारी करून या.

तेव्हा मी कॉलेज संपवून शिरूरला नोकरीला लागले होते. कुणाच्या बापाला भीत नव्हते. आबा, आप्पा, आई आणि मी असे चौघं गेलो. जेवणं आटोपून दुपारी बैठक बसली. भांडगावची चार म्हातारी माणसं, आमची माणसं, मध्ये सतरंजीवर दाजी. ताई भिंतीला टेकून खाली मान घालून. आत्यानं पहिल्यांदा रडून घेतलं. मग म्हणाली, लेकीवानी ठेवली, पर माझ्या पोराचं डोळं खाल्लं तिनं. भाची हाय म्हणून इतकी वर्षं गप्प बसले. तिला माहेरी न्या. पोरगीबी न्या, पोरगा असता तर ठेवला असता.

मी डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. एक म्हातारा म्हणाला, डॉक्टर काय, कायबी सांगत्यात. मी आप्पांकडं बघितलं. आप्पा पायाचा अंगठा बघत होते. आईनं तोंड उघडलं आणि आप्पांनी नुसतं तिच्याकडं पाहिलं, तेवढ्यानं तिचं तोंड मिटलं. माझ्यासाठी गप्प बसले म्हणे! मी मागितलं होतं का? त्यांच्या त्या गप्प बसण्यावर माझं लग्न जमलं, मुलंबाळं झाली, आणि अजूनही बापाचं नाव निघालं की माझ्या जिभेवर पहिल्यांदा शिवीच येते.

मग आबा बोलले. त्यांना वाटलं ते न्यायच करतायत. म्हणाले, लग्नाआधी म्या सवता ह्या पोराची नजर पारखली हाय. माळावरचं लंगडं मेंढरू ह्यानं वळखलं. तवा ह्याचं डोळं घारीवानी व्हतं, मी साक्षीला हाय. म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. मेंढरं राखलेल्या माणसाचा शब्द, त्यापुढं पुण्याचा डॉक्टर कोण? आत्याच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला हसू म्हणत नाहीत, पण दुसरा शब्द मला सापडत नाही.

मी उभी राहिले. सगळं सांगितलं. विमानाची गेम, उंबऱ्याला बसणं, वायर तुटल्यावर बाजूनं येणारी विमानं न दिसणं, ताईचं डावीकडं-उजवीकडं, माझी चकली. सांगता सांगता मलाच ऐकू येत होतं की हे किती पोरकट वाटतंय. एका बाईचा संसार मोडतोय आणि मी टीव्हीवरच्या खेळण्याची साक्ष काढतीये. एकजण खोकला दाबत हसला. दुसरा म्हणाला, पोरी, खाली बस. मी म्हटलं, नाही बसत. खोटं असेल तर त्यांनाच विचारा. ते खेळत होते, त्यांना माहीत आहे. सगळ्यात जास्त त्यांनाच माहीत आहे.

हे बोलताना मला वाटलं, जिंकले. कारण दाजी काही झालं तरी ताईबद्दल खोटं बोलणार नाहीत, असं मी धरून चालले होते. त्यांना आत्याचा धाक असेल, असू दे. पण एवढी वर्षं जिनं हाताला धरून फिरवलं तिच्याबद्दल? आत्याही क्षणभर घाबरली, मी पाहिलं. मग सगळ्यात म्हाताऱ्या माणसानं दाजींना विचारलं, खरं काय ते तुम्हीच सांगा, लग्नाआधी तुम्हाला बाजूचं दिसत व्हतं का न्हाई?

दाजींनी मान वर केली. त्यांना कुणाकडं बघायचं हे कळत नव्हतं, म्हणून ते छताकडं बघत होते. तोंडावर नुसती आशा होती. बाई गेली की नजर परत येईल, हे त्या माणसानं खरंच धरलं होतं.

"दिसत व्हतं," ते म्हणाले. "तवा मला समदं दिसत व्हतं."

माझ्या तोंडात शिव्या आल्या आणि आईनं माझं मनगट इतकं दाबलं की बांगडी फुटली. ताई रडली नाही. तिनं दाजींकडं बघितलंही नाही. आत गेली, पोरीचं दप्तर आणि दोन लुगड्यांची पिशवी घेऊन आली आणि दारात चपला घालायला लागली.

तेवढ्यात दाजी सतरंजीवरून उठले. बैठक लांबली होती, त्यांना परसात जायचं होतं. त्यांनी हात पुढं केला आणि बोटं हलवत उभे राहिले. आत्या जागची हलली नाही. पाय दुखतात म्हणे. म्हातारे एकमेकांकडं बघत राहिले. ताईनं पिशवी माझ्याकडं दिली, चपला काढल्या, सतरंजीवर जाऊन त्यांचा हात धरला आणि पायऱ्या सांगत त्यांना मागं घेऊन गेली. थोड्या वेळानं परत आणून जागेवर बसवलं, हातात पाण्याचा तांब्या दिला. दाजी पाणी प्यायले आणि म्हणाले, आता जा तू. आम्ही तिघी आणि पोर चौफुल्यापर्यंत चालत आलो, कारण आप्पा आणि आबा आत्याकडं चहाला थांबले होते.